निजाम गेला, अर्जदार उरला

दर वर्षी १७ सप्टेंबरला भोकरदनला तिरंगा फडकतो, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना अभिवादन होते, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात नेहमीची रांग लागते. कुणाला सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून हवी असते, कुणाला अतिवृष्टीचे अनुदान हवे असते, कुणाला जातीचा दाखला, कुणाला निराधार योजनेचे पैसे. आदल्या दिवशीचा ध्वज आणि दुसऱ्या दिवशीची रांग यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न मुक्तिदिनाच्या भाषणांतून सहसा विचारला जात नाही. तो विचारणे हाच मुक्तिसंग्रामाचा खरा गौरव ठरेल, असे आम्हांस वाटते. कारण तो संग्राम केवळ एका राजाला गादीवरून उतरवण्यासाठी नव्हता. रयतेने हात जोडून मागायचे आणि सरकारने मर्जी झाली तर द्यायचे, हे नाते मोडण्यासाठी तो होता.

असईच्या शिवारातील आरंभ

निजामशाही आणि इंग्रजी राज्य या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या, असा समज मराठवाड्यात अजून रूढ आहे. गुलामी इंग्रजांची होती ती मुंबई-पुण्याकडे; आपल्याकडे होता तो निजाम, अशी ती विभागणी. भोकरदनचा इतिहास ही विभागणी खोडून काढतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा तळ भोकरदनपासून केळणा नदीच्या काठाने असईच्या दिशेने पसरला होता. आर्थर वेलस्लीने केळणा ओलांडली, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात लढाई दिली आणि ती जिंकली. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनचा पाडाव करणारा सेनापती तो हाच. त्याच वर्षी ३० डिसेंबरला झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांना अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील आपला मुलूख कंपनीच्या स्वाधीन करावा लागला, आणि १८०४ च्या वाटणीत कंपनीने तो निजामाच्या पदरात टाकला.

म्हणजे या टापूवरील निजामाची सत्ता इंग्रजांच्या तोफांनी मिळवून दिलेली होती. १७९८ आणि १८०० च्या तहांनी निजामाने तैनाती फौज स्वीकारलेलीच होती. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘हैदराबाद कंटिन्जन्ट’ फौजेचा खर्च थकला तेव्हा १८५३ साली त्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, आणि भोकरदनच्या पूर्वेला, जिथे एकच भाषा बोलणारी गावे शेजारी नांदत होती तिथे, एका राज्याची हद्द उभी राहिली. इंग्रजांना इथे स्वतः राज्य करण्याची गरज नव्हती. त्यांच्या वतीने बंदोबस्त राखणारा राजा होता आणि त्या राजाच्या वतीने वसुली करणारे जहागीरदार होते. राज्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे चाळीस टक्के भाग जहागिरींत व निजामाच्या खाजगी सर्फेखास मुलखात गुंतलेला होता. रयत या उतरंडीच्या तळाशी होती. वसाहतवाद असा एकावर एक रचलेल्या मध्यस्थांच्या रूपाने इथे आला. म्हणून तो गेला की नाही हे तपासायचे, तर गादीवर कोण बसले आहे एवढे पाहून चालत नाही. मध्यस्थ उरला आहे काय, ते पाहावे लागते.

तेरा महिने

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात गेले की स्वातंत्र्य होते, पूर्वेची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेले की स्वातंत्र्य होते; भोकरदनमध्ये ते नव्हते. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. पुढचे तेरा महिने रझाकारांचे होते. लातूरचा वकील कासीम रझवी त्यांचा म्होरक्या होता.

त्याआधी एका दशकाची तयारी होती. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी हवी, असा गश्ती हुकूम ज्या राज्यात होता, तिथे मराठी बोलणाऱ्यांनी एकत्र बसणे हेच धाडस होते. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह झाला. त्याच वर्षी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थी काढून टाकले गेले. जालन्याच्या जनार्दन मामा नागापूरकरांनी प्राण दिले. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या शेतकरी घरातील स्त्रियांनी घर आणि जीव दोन्ही पणाला लावले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

या इतिहासाचे जे पान आपण दुमडून ठेवतो, तेही इथेच उघडले पाहिजे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत राज्याच्या अनेक भागांत रझाकारांशी काहीही संबंध नसलेल्या मुसलमान शेतकऱ्यांची, विणकरांची, मजुरांची हत्या झाली. भारत सरकारच्याच सांगण्यावरून गेलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान दिला; उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे सांगितले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगायचे आणि हे सांगायचे नाही, असा हिशेब ज्यांना धर्माच्या नावाने मते मागायची आहेत त्यांना सोयीचा आहे. स्वातंत्र्याची चाड असणाऱ्यांना तो शोभत नाही. निजाम मुसलमान होता म्हणून त्याची मुसलमान रयत राज्यकर्ती नव्हती. रझवीच्या राजकारणाला विरोध करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, हे ज्याला आठवते तो मुक्तिसंग्रामाला दोन धर्मांची लढाई म्हणणार नाही.

जे बदलले

सत्तांतराने काही बदललेच नाही, असे म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फेखास मुलूख सरकारी मुलखात विलीन झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. व्यवसायनिहाय आणि धर्मनिहाय जागा वाटून घेणाऱ्या निजामी सुधारणांच्या जागी १९५२ साली प्रौढ मताधिकार आला. ज्याला चावडीवर बसण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या मताची किंमत जहागीरदाराच्या मताएवढी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मराठी मुलखात आले. उर्दूच्या जागी मराठी कारभाराची भाषा झाली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्या तालुक्यातील मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तेही परक्या भाषेत, त्या तालुक्यात आज मराठीतून पदवी घेणारी शेतमजुराची मुलगी दिसते. हे स्थित्यंतर लहान नाही.

परंतु या प्रत्येक बदलाच्या पोटात एक अट दडलेली होती. ज्याच्या हाती कागद, त्याला हक्क. आणि कागद कुणाच्या हाती होता?

कागदावरची कुळे

१९५० चा हैदराबादचा कूळकायदा त्या काळात देशातील पुढारलेल्या कायद्यांपैकी एक होता. संरक्षित कूळ ही त्याची मध्यवर्ती कल्पना. परंतु कुळाची नोंद करणारा पटवारी तोच, जमीनमालकाच्या ओसरीवर बसणारा. अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुस्रो यांनी हैदराबाद राज्यातील जमीनसुधारणांची पाहणी केली. ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. १९५१ साली नोंदलेल्या शंभर संरक्षित कुळांपैकी तीन-चार वर्षांनी सुमारे ४५ तेवढी संरक्षित राहिली होती. जमिनीची मालक झालेली सुमारे १२. बेकायदा हुसकावलेली सुमारे २२, आणि ज्यांनी ‘राजीखुषीने’ जमीन सोडली अशी आणखी १७-१८. राजीखुषी हा शब्द पुन्हा एकदा वाचावा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी जमीन कायद्याने मालकीची होऊ घातली असताना कोणता शेतकरी राजीखुषीने सोडील? कायदा हैदराबादेत झाला, राजीनामे गावात लिहून घेतले गेले.

जहागिरी गेल्या, पण जहागिरीच्या तळाशी असलेला गावपातळीवरील अंमल गेला नाही. पाटीलकीचे वतनी पद कायद्याने रद्द झाले ते १९६३ च्या आरंभी. तोवर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या होत्या, सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. ज्यांच्याजवळ जमीन, अक्षरओळख आणि कचेरीत ओळख या तिन्ही गोष्टी होत्या, त्यांनी नव्या संस्थांत प्रवेश केला. त्यांत प्रामाणिक माणसे होती, मुक्तिसंग्रामात लाठ्या खाल्लेली होती. व्यक्तींच्या हेतूंविषयी इथे तक्रार नाही. परंतु कर्ज, बियाणे, विहीर, रस्ता, शाळेतील नोकरी, सारे काही त्या एकाच दारातून येऊ लागले, आणि त्या दारात उभा असलेला माणूस बहुधा जुन्याच घरातला होता. प्रजेचा मतदार झाला. मतदाराचा मात्र अर्जदारच राहिला.

ज्यांच्याजवळ कागदच नव्हता

कुळाचे निदान नाव तरी कुठे तरी होते. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव कुळांच्या यादीतही नव्हते. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याला देऊ केली. दुसऱ्याच्या शेतात सालदार म्हणून राबणाऱ्याला तो कायदा काय देणार? १९५३ साली दादासाहेब गायकवाड आणि भाऊसाहेब मोरे यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातील दलित भूमिहीनांनी पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला. निजाम जाऊन पाच वर्षे झाली होती आणि स्वतंत्र देशातील तुरुंग जमीन मागणाऱ्यांनी भरत होते.

त्या मागणीला सरकारने कधीच सरळ ‘नाही’ म्हटले नाही आणि कधीच पुरते ‘होय’ म्हटले नाही. १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी भूमिहीनांची गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. पण नियमित व्हायचे तर अतिक्रमण जुने असल्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे कोणता? दंडाची पावती, पंचनामा, पीकपाहणीतील नोंद. म्हणजे ज्याने सरकारी जमीन कसल्याबद्दल शिक्षा भोगली आणि तिची पावती जपून ठेवली, तोच पात्र. ज्याच्या झोपडीचे पाचट दोनदा उडून गेले, त्याने पावती कुठे जपावी? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हा तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे जमीन कसणारी कुटुंबे पुन्हा उघड्यावर येण्याच्या भीतीने कचेरीच्या दारात उभी राहिली. गायरान हे गावाच्या गुराढोरांचे, हे खरेच आहे. पण गावातील सर्वांत गरीब माणसाला जमीन देण्याचा दुसरा मार्ग सत्तर वर्षांत ज्यांना सापडला नाही, त्यांनी ऐन वेळी गुरांची कड घ्यावी, हे मनाला पटत नाही.

मुक्तिसंग्रामाची नैतिक पुंजी या प्रश्नावर किती तोकडी पडली, ते १९७८ साली दिसले. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. मुक्तिसंग्रामात पुढे असलेल्या काही नेत्यांनीही नामांतराला विरोध केला. एस. एम. जोशींनी नामांतराची बाजू घेतली आणि त्यापायी अपमान सोसला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. राजापासून मुक्त झालेला समाज जातीपासून मुक्त होतोच असे नाही, हा धडा त्या सोळा वर्षांनी दिला.

निजामाच्या दप्तरात नागरिकत्वाचा शोध

आता आजची गोष्ट. १ सप्टेंबर २०२३ रोजी याच जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या लोकांवर लाठीमार झाला. त्यानंतर निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. त्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली. खासरा, पहाणी, फैसलपट्टी, मुंतखब हे शब्द घरोघरी पोहोचले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या वृद्धांना अचानक मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन कुणबी दाखल्यांसाठी कार्यपद्धती ठरवणारा निर्णय काढला. इतर मागासवर्गीयांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. बंजारा समाजाने त्याच गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी पुढे केली.

या मागण्यांपैकी कोणती रास्त आणि कोणती नाही, याचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. त्यामागची वेदना खरी आहे. दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, कापसाचा आणि सोयाबीनचा पडलेला भाव, शिकून घरी बसलेली मुले, हे भोकरदनच्या कोणत्याही गावात कोणत्याही जातीच्या ओसरीवर दिसते. पण जो तरुण निजामाच्या राज्याच्या अंतानंतर पंचाहत्तर वर्षांनी आपला हक्क निजामाच्याच दप्तरात शोधतो, त्याच्या शोधात प्रजासत्ताकाविरुद्ध एक मूक आरोप आहे. तुम्ही स्वतःचा कागद केला नाहीत, असा तो आरोप. कुणाची किती जमीन, कुणाचे किती शिक्षण, कोणत्या जातीचे किती लोक कोणत्या अवस्थेत, याची मोजदाद स्वतंत्र राज्याने वेळच्या वेळी केली असती, तर एका संस्थानिकाच्या कारकुनाने लिहिलेल्या ओळीवर आज गावेच्या गावे एकमेकांसमोर उभी ठाकली नसती. पुढील जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. निर्णय योग्य आहे. मात्र त्याला फार उशीर झाला.

अव्वल तालुकदार पुन्हा

निजामी राज्यात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत. तो हैदराबादला उत्तरदायी असे, रयतेला नव्हे. २०२२ साली मुदत संपल्यानंतर राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या निवडणुकीविना वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. जालन्याची गोष्ट वेगळी नव्हती. न्यायालयातील आरक्षणाचा वाद हे कारण सांगितले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण निवडून आलेला सदस्य नाही म्हणून मुंबईत सरकार अस्वस्थ झाल्याचे कुणी पाहिले नाही. विभागीय अनुशेषाबाबतही हेच झाले. मराठवाडा १९५६ साली विनाअट द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. अनुशेष मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमावी लागली ती १९८३ साली. वैधानिक विकास मंडळ मिळाले १९९४ साली. आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली तेव्हा ती वेळीच वाढवली गेली नाही. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे निजामाच्या काळात, १९०० साली, जालन्याला आली. तिला भोकरदनच्या बाजूने खानदेशाशी जोडणाऱ्या जालना-जळगाव मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये.

तर मग करायचे काय? निजामाला पुन्हा एकदा शिव्या घालून काही साधणार नाही, आणि शहरांची नावे बदलून रांग आखूड होत नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक गावाचे जुने-नवे सर्व भूमिअभिलेख मराठीत लिप्यंतर करून ग्रामसभेपुढे वाचले गेले पाहिजेत. कागद गावाचा आहे, तो गावाला फुकट आणि न मागता दिसला पाहिजे. दुसरी, गायरान कसणाऱ्या भूमिहीनांच्या बाबतीत पुराव्याचा भार सरकारने उचलावा. गावकऱ्यांची साक्ष ग्रामसभेत घ्यावी आणि निर्णय मुदतीत द्यावा. तिसरी, स्थानिक संस्थांच्या निवडणुका एका दिवसानेही लांबणार नाहीत अशी तरतूद व्हावी. आणि चौथी, जी कोणतेही सरकार करणार नाही, ती आपण कार्यकर्त्यांनी करायची आहे. अर्जदाराबरोबर कचेरीत जाऊन त्याचे काम करून देणारा कार्यकर्ता चांगला असतो, पण तोही एक मध्यस्थच असतो. माणसाला कायदा समजावून देऊन, त्याच्या शेजाऱ्यांसह त्याला कचेरीत उभा करणारा कार्यकर्ता हवा. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा काम ‘मिळावे’ ही विनंती जाऊन काम ‘द्या’ ही मागणी आली होती. मजुरांच्या मोर्चांत उमटलेला तो स्वर हेच मुक्तिसंग्रामाचे खरे पुढचे पाऊल होते.

असईच्या शिवारात ज्या व्यवस्थेची पायाभरणी झाली, तिचा कळस १९४८ साली उतरला. पाया अजून उकरायचा आहे. ज्या दिवशी भोकरदनच्या कचेरीत माणूस अर्ज घेऊन उभा राहणार नाही, हक्क सांगत उभा राहील, त्या दिवशीच १७ सप्टेंबरचे काम पुरे होईल.